ओला कचरा उंबरठ्याच्या आत

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द आता बाजारात चांगलाच रुळला आहे. दुकानात बांबूचा टूथब्रश मिळतो, तागाची पिशवी मिळते, हिरव्या पानाचं चित्र छापलेला भांड्यांचा साबण मिळतो. यातल्या काही वस्तू खरोखर चांगल्या आहेत. पण त्यामुळे एक समज पसरतो, की घर पर्यावरणस्नेही करायचं म्हणजे आणखी काहीतरी विकत आणायचं. आज मला दुसऱ्या टोकापासून सुरुवात करायची आहे. घरात काय आणायचं ते नंतर बघू. आधी घरातून बाहेर काय जातं ते पाहू या.

एक दिवसाची कचऱ्याची बादली डोळ्यांसमोर आणा. मेथीच्या दांड्या, मटारची टरफलं, कांद्याची सालं, चहाचा चोथा, केळ्यांच्या साली, देवावरची कालची फुलं, ताटातलं थोडं खरकटं. आपल्याकडे शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग या ओल्या कचऱ्याचाच असतो. चार माणसांच्या घरात रोजचा पाऊण किलो धरला, तरी वर्षाचा हिशेब पावणेतीनशे किलोंच्या घरात जातो. शंभर घरांची सोसायटी असेल, तर रोजचे पंचाहत्तर किलो. हे सगळं कालपर्यंत मातीत वाढत होतं आणि पुन्हा मातीत जायला तयार आहे. आपण मात्र ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतो आणि गाडीत टाकतो.

गाडी पुढे कुठे जाते? मुंबईकरांसाठी देवनार हे नाव नवं नाही. तिथे १९२७ पासून शहराचा कचरा पडत आला. २०१६ च्या जानेवारीत तिथे मोठी आग लागली, धूर दूरवर पसरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत जात राहिला. दुर्गंधी, माश्या, खराब झालेलं विहिरीचं पाणी हे त्या गावांनी सोसलं. गावकऱ्यांनी आंदोलनं केली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की शहरात चार दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग दिसू लागत आणि ‘कचऱ्याचा प्रश्न’ अशी बातमी होई. गावाच्या दृष्टीनं तो प्रश्न रोजचाच होता. आपल्या घरातलं केळ्याचं साल दुसऱ्याच्या विहिरीपर्यंत पोचतं, ही गोष्ट आपल्या लक्षात येत नाही, कारण मधलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं असतं.

साल मुळात वाईट नाही. वाईट आहे ते त्याला दाबून ठेवणं. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. हवा नसली की तिथे वेगळ्या जातीचे जिवाणू काम करतात आणि मिथेन वायू तयार होतो. हा वायू पेट घेतो, म्हणून असे ढीग धुमसत राहतात. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. ढिगातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत मुरतं ते वेगळंच. तेच साल हवेशीर जागी, कोरड्या पाल्याच्या सोबतीनं कुजलं, तर त्याचं खत होतं आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो.

ही काही नवी विद्या नाही. गावातल्या घरामागे उकिरडा असायचा आणि पावसाच्या तोंडाशी त्यातलं खत शेतात जायचं. कोकणात मोरीचं पाणी परसातल्या अळवाला आणि केळींना सोडलेलं असायचं. पण ‘पूर्वी सगळं कसं छान होतं’ असं म्हणून आपलं काम भागत नाही. त्या घरांना परस होतं. आपल्याला आहे ती हातभर गॅलरी, नाहीतर स्वयंपाकघराच्या खिडकीतली जाळी. तेव्हा परस नसताना काय करायचं, हा आपला खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर महाराष्ट्रात फार आधीपासून शोधलं गेलं आहे. श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक लिहिलं. साधी माणसंही आपल्या जागेत प्रयोग करून, निसर्गाचं गणित समजून घेऊन भरपूर पिकवू शकतात, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा. त्याच वाटेनं मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर शेती केली. रस काढून टाकलेली उसाची चिपाडं, घरचं खत आणि थोडीशी माती एवढ्यावर त्यांनी पिशव्यांमधून भाज्या आणि फळं घेतली. मुंबईत गल्लोगल्ली रसाची गुऱ्हाळं आहेत, तेव्हा चिपाडांना तोटा नाही.

आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तिथे सुमारे तीन हजार कर्मचाऱ्यांचं जेवण होई. साहजिकच भाज्यांची देठं आणि सालं ढिगानं निघत. तिथल्या खानपान विभागाच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये हा कचरा वर गच्चीवर न्यायला सुरुवात केली. त्यातून गच्चीवर पालेभाज्यांपासून फळझाडांपर्यंत बाग उभी राहिली. एवढ्या मोठ्या स्वयंपाकघराला जे जमलं, ते चौघांच्या घराला जमायला हरकत नसावी.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते.

झाकण असलेली एक जुनी बादली, रंगाचा रिकामा डबा किंवा मातीचा मोठा माठ घ्या. बाजूनं आणि तळाला भोकं पाडा. हवा आत जाण्यासाठी आणि जादा पाणी निघून जाण्यासाठी ती लागतात. खाली एक ताटली ठेवा. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा वाळक्या काड्या पसरा. त्यावर चार बोटं वाळलेला पाला. मग रोजचा ओला कचरा, शक्यतो बारीक चिरून, टाका आणि दर वेळी वरून पाला घाला. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: ओला कचरा एक वाटी, तर कोरडा पाला दोन वाट्या. सुरुवातीला विरजण म्हणून कुणाकडचं तयार खत मूठभर घाला. ते नसेल तर थोडं आंबट ताक शिंपडा. आठवड्यातून एकदा काठीनं खालीवर करा. बादली भरली की ती बाजूला ठेवायची आणि दुसरी सुरू करायची. दोन-तीन महिन्यांत पहिल्या बादलीत काळसर, भुसभुशीत खत तयार होतं. भरलेली बादली निम्म्याहूनही खाली बसते, हे पाहून नवख्या माणसाला नवल वाटतं.

तक्रारी ठरलेल्या आहेत, तशी उत्तरंही ठरलेली आहेत. वास येतो? याचा अर्थ आत ओल फार आहे आणि हवा कमी. पाला वाढवा आणि हलवा. आठ दिवस झाले तरी काहीच होत नाही, मुंग्या लागल्या? मग कोरडं पडलं आहे, पाण्याचा हबका मारा. ओल किती हवी, तर पिळलेल्या फडक्याइतकी. मुठीत दाबलं तर पाणी गळता कामा नये. चिलटं झाली? वरचा पाल्याचा थर जाड करा, सालं उघडी राहू देऊ नका. पांढुरक्या अळ्या दिसल्या की बरेच जण बादलीच फेकून देतात. तसं करू नका. त्या अळ्या कचरा खाऊन आपलंच काम करत असतात. त्या झाडांना लागत नाहीत आणि काम संपलं की निघून जातात. तेलकट खरकटं थोडंच घाला. मासळी आणि मटणाचा कचरा गॅलरीतल्या बादलीत नको, त्यानं वास आणि उंदीर दोन्ही येतात. अंड्याची टरफलं चुरून घाला. आंब्याच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्या लवकर कुजत नाहीत, त्या वेगळ्या ठेवा.

‘पाला कुठून आणायचा?’ हा प्रश्न हमखास येतो. शिशिरात सकाळी फिरायला निघालात तर दिसेल, की झाडलोट करून पानांचे ढीग केलेले असतात आणि कुणीतरी त्यांना काडी लावलेली असते. तोच पाला. तो पोतं भरून आणून ठेवला की वर्षभर पुरतो आणि तेवढा धूर कमी होतो. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या नागरिकांच्या उपक्रमानं हेच काम हाती घेतलं: ज्यांच्याकडे पाला जास्त आहे त्यांनी तो जाळायचा नाही, ज्यांना हवा आहे त्यांना द्यायचा. पाला मिळालाच नाही तर लाकडाचा भुसा चालतो, वर्तमानपत्राचे तुकडेही चालतात. अर्थात आजची पुरवणी वाचून झाल्यावर!

खत तयार झालं की बाग आपोआप सुचते. कुंडीत निम्मी माती आणि निम्मं खत-पाला मिसळा. कुंडी हलकी राहते, गॅलरीवर भार पडत नाही. सुरुवात मेथी, कोथिंबीर, पुदिना, अळू अशा न रुसणाऱ्या मंडळींपासून करा. कुंडीतली माती उघडी ठेवू नका, वर पाल्याचं आच्छादन घाला. उन्हाळ्यात निम्मं पाणी वाचतं, असा माझा अनुभव आहे. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी थेट झाडांना द्या. साबणाचं पाणी मात्र आजीच्या परसातल्यासारखं सरसकट सोडू नका; आजच्या धुण्याच्या पावडरीतले क्षार कुंडीतल्या मातीला सोसत नाहीत. मावा किंवा तुडतुडे दिसले तर पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून घ्या आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर फवारा. उन्हात त्याचा गुण लवकर जातो, म्हणून वेळ संध्याकाळची.

आता सुरुवातीच्या दुकानाकडे पुन्हा वळू. एकदा घरात ही बादली आली, की तीच आपल्याला खरेदी शिकवते. कुठलीही वस्तू हातात घेतली की विचारायचं: ही माझ्या बादलीत कुजेल का? पळसाची पत्रावळ कुजते. पोफळीच्या विरीची ताटली तुकडे केले तर कुजते. दोडक्याच्या शिरांची घासणी कुजते. चहाच्या पुष्कळशा पिशव्यांच्या कागदात प्लॅस्टिकचे धागे असतात, ते खतात तसेच सापडतात. सफरचंदावरचा स्टिकर तर अमर आहे. ‘कुजणारी पिशवी’ म्हणून मिळणाऱ्या पिशव्यांपैकी बऱ्याच पिशव्या कारखान्यातल्या खतप्रकल्पासाठी असतात. तिथलं तापमान अठ्ठावन्न-साठ अंशांपर्यंत ठेवलेलं असतं. आपल्या गॅलरीत तेवढी ऊब नसते, म्हणून ती पिशवी महिनोन्‌महिने तशीच राहते. छापलेल्या हिरव्या पानापेक्षा बादलीचा निकाल जास्त खरा.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपण एकत्र बांधून फेकलेली पिशवी शेवटी कुणीतरी हातानं उघडतं. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. यात मोठ्या संख्येनं स्त्रिया आहेत. आमटीत भिजलेला कागद त्यांच्या हाती आला तर त्याला भाव मिळत नाही. कोरडा कागद मिळाला तर चार पैसे मिळतात. ओला आणि सुका वेगळा करण्याचं बंधन २०१६ च्या नियमांनी घातलं. पण नियम नसता तरी एवढं करणं ही साधी माणुसकी आहे.

शेवटी घरातल्या मंडळींना एक विनंती. ही बादली घरातल्या बाईच्या कामांत आणखी एक काम होऊ देऊ नका. चिरणं तिच्याकडे असेल, तर हलवणं दुसऱ्याकडे, पाला आणणं तिसऱ्याकडे. मुलांना यात फार रस असतो. भोपळ्याचं बी खतात आपणहून उगवलेलं त्यांनाच आधी दिसतं. सोसायटीत असाल तर सभेत विषय काढा. काही महापालिका अशा घरांना मिळकत करात सवलत देतात, आपल्या पालिकेत चौकशी करा. ठराव मंजूर होईपर्यंत थांबू नका मात्र. आपल्या घरचे पावणेतीनशे किलो थांबवायला सभेची परवानगी लागत नाही.

आज रविवार आहे. दुपारच्या जेवणासाठी भाजी निवडायला बसाल, तेव्हा देठं वेगळ्या भांड्यात ठेवा. सुरुवात तिथूनच होते.