'दीवार' आणि तिसरं घर



सिनेमा संपला म्हणजे माणसं घरी जातात, पण वाद मात्र बरोबर घेऊन जातात. आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा येत असे. १९८८च्या सुमारास, नऊ-दहा वर्षांचा असताना, त्या तंबूत मातीवर बसून मी 'दीवार' पाहिला. बोलपट निघाला १९७५ साली. आमच्या गावाला तो तेरा वर्षांनी आला, तरी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. दिग्दर्शक यश चोप्रा, लेखक सलीम-जावेद. गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात मुलांना आम्ही तोच दाखवला. गावातली वडील मंडळीही आली. खेळ संपल्यावर जी चर्चा झाली, ती आज आपल्यापुढे ठेवावी असा विचार आहे.

गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. मजुरांचा पुढारी असलेल्या बापाला मालक धमकावतो : सही कर, नाहीतर बायकापोरं जिवंत राहणार नाहीत. बाप सही करतो आणि मजुरांचा विश्वासघात होतो. चिडलेली माणसं त्याच्या थोरल्या मुलाच्या, विजयच्या हातावर बाप चोर असल्याचं गोंदवतात. आई दोन्ही पोरांना घेऊन मुंबई गाठते. विजय गोदीत हमाली करता करता स्मगलर होतो. धाकटा रवी शिकून फौजदार होतो. मग भावालाच पकडायचं काम रवीकडे येतं आणि शेवटी रवीच्या गोळीनं विजय पडतो. अमिताभ बच्चन, शशी कपूर आणि आई झालेल्या निरूपा रॉय यांची कामं आजही लोकांच्या डोळ्यांपुढे आहेत.

आता मतं ऐका. आमच्या एक आत्याबाई म्हणाल्या, "भाऊ म्हणजे काय रस्त्यावरचा माणूस? त्यानं नोकरी सोडायची होती. पोटच्या पोरावर चालवायला आईनंच पिस्तूल हातात द्यावं, हे माझ्या जिवाला पटत नाही." एक सेवानिवृत्त हवालदार उठले. म्हणाले, "ताई, अंगावर वर्दी चढवली की घरचं नाव उंबऱ्याच्या आत ठेवायचं असतं. मी आज माझा भाऊ सोडला, तर उद्या तुमच्या घरी चोरी करणाऱ्याला कोणत्या तोंडानं धरू?" तिसरा बोलला तो आमचा बी.ए.च्या वर्गातला एक मुलगा. तो म्हणाला, "सर, कायदा विजयला धरायला कितीतरी वर्षं घेतो, आणि भाकरीच्या चोराला मात्र लगेच गोळी घालतो. असल्या कायद्यासाठी भाऊ कशाला गमवायचा?"

मंडळी, टाळ्या तिघांनाही पडल्या. आणि गंमत अशी, की टाळ्या वाजवणारे हात तेच होते! तंबूतही असंच झालं होतं. विजयनं गोदीतल्या गुंडांना लोळवलं तेव्हा शिट्ट्या झाल्या, आणि पुलाखाली रवीनं आईचं नाव घेऊन त्याला निरुत्तर केलं तेव्हाही झाल्या. प्रेक्षकाचं मन एका भावाकडे ओढ घेतं आणि त्याचा विवेक दुसऱ्याकडे. हा खेळ आपल्या हिंदी पडद्याला नवा नाही. १९६१च्या 'गंगा जमुना'त एक भाऊ डाकू आणि दुसरा पोलीस आहे. ती कामं दिलीपकुमार आणि त्यांचे सख्खे भाऊ नासिर खान यांनीच केली. १९८२च्या 'शक्ती'त तर बाप पोलीस अधिकारी आणि मुलगा गुन्हेगार. त्या मुलाला लहानपणी पळवून नेतात, तेव्हा बाप गुन्हेगारांपुढे झुकत नाही. त्याचे ते शब्द मुलगा फोनवर ऐकतो आणि त्याचा सल आयुष्यभर उरात बाळगतो. प्रत्येक वेळी प्रेक्षक विचारतात ते एवढंच : रक्त मोठं की कर्तव्य?

मला वाटतं, हा प्रश्नच अपुरा आहे. त्या मुलानं ज्या प्रसंगाचा उल्लेख केला, तो जरा नीट आठवू या. भावाच्या मागावर जायला रवीचं मन धजत नसतं. अशात पळणाऱ्या एका चोरावर तो गोळी झाडतो, आणि पाहतो तर तो एक कोवळा पोर; चोरलेली वस्तू म्हणजे पाव. रवी खाण्याचं सामान घेऊन त्या पोराच्या घरी जातो. पोराची आई त्याला वाटेल ते बोलते. पण पोराचा बाप तिला आवरतो. हा बाप कोण? एक सेवानिवृत्त शिक्षक. ए. के. हंगल यांनी ते काम केलं आहे. तो म्हणतो, चोरी लहान असो वा मोठी, ती चोरीच. रवी मान खाली घालून तिथून निघतो आणि भावाविरुद्धचं काम हाती घेतो.

म्हणजे रवीनं निर्णय घेतला तो वर्दीकडे पाहून नव्हे, आईकडे पाहूनही नव्हे. त्यानं तो घेतला एका तिसऱ्या घराकडे पाहून. त्या घरच्या पोराला जो कायदा लागू झाला, तो माझ्या भावाला लागू होणार नसेल, तर मी त्या घराला तोंड कसं दाखवू? आमच्या विद्यार्थ्याला याच प्रसंगातून कायद्याचा राग आला, आणि रवीला याच प्रसंगातून वाट सापडली. आणि सुरुवातीची सही आठवा. बापानं आपलं घर वाचवलं. किंमत मोजली ती मजुरांच्या घरांनी.

खुद्द कायद्यालाही घराची माया अगदीच कळत नाही असं नाही. गुन्हेगाराला आसरा देणं हा गुन्हा. पण पतीनं पत्नीला किंवा पत्नीनं पतीला आसरा दिला, तर तो त्या कलमाखाली गुन्हा होत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या २१२व्या कलमात हा अपवाद होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो ठेवला आहे. आईला, बापाला, भावाला मात्र ही सूट नाही.

आता एक घरची गोष्ट सांगतो. सांगायला जड जाते. १९९५ साली मी अकरावीत होतो. माझ्या एका चुलतभावानं शेजाऱ्याच्या विहिरीवरची पाण्याची मोटार रातोरात काढून विकली. घरात कळलं. चुलतीनं पहाटेच त्याला आपल्या माहेरी धाडून दिलं. इकडे संशय गेला शेजाऱ्याच्या सालगड्यावर. दोन रात्री त्याला चौकीत बसवून ठेवलं. परत आला तो लंगडत. त्या दोन दिवसांत त्याची बायको आमच्या दारी आली होती. पोरं उपाशी आहेत म्हणाली. चुलतीनं तिला पायलीभर जोंधळे घातले, आणि ती पाठमोरी झाल्यावर पदरानं डोळे पुसले. पुरावा नव्हता म्हणून गडी सुटला, पण त्याचं साल अर्ध्यावर मोडलं. पाडव्याची वाट न पाहता ते कुटुंब गाव सोडून गेलं. बैलगाडीत भांड्यांचं एक पोतं होतं, त्यावर त्याची धाकटी पोर बसली होती.

मला सगळं ठाऊक होतं. मी बोललो नाही. आम्ही 'आपल्या माणसाला' वाचवलं, असंच घरात सगळे म्हणत. चुलती दुष्ट नव्हती, हे मी आजही सांगेन. पण रवीनं जसं त्या घरी खाणं नेलं, तसे तिनं जोंधळे दिले. खरं बोलायला मात्र आमच्या घरात कोणी मास्तर नव्हता.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. मुलांशी सिनेमावर बोलायला संकोचू नका, ती पाहतातच. त्यांना भाऊ बरोबर की फौजदार बरोबर, असं विचारून थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा : आपण आपल्या माणसाला झाकलं, तर त्याचा भार कोणाच्या घरावर पडला? आणि हवालदारमामांनाही तोच प्रश्न विचारायचा आहे : ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्यालाच तुमचा हात आधी का सापडतो? हे दोन प्रश्न एकमेकांना सोडून विचारता येत नाहीत.

चर्चा संपल्यावर आत्याबाई जाता जाता मला म्हणाल्या, "त्या पावाच्या पोराचं पुढं काय झालं रे?" सिनेमा ते सांगत नाही. त्या सालगड्याच्या पोरीचं काय झालं, तेही मला सांगता आलं नसतं.