गडचिरोलीच्या मोहिमेचं मोजमाप कसं करायचं?

(सिल्वासा इथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी गडचिरोलीवर बोलणार आहे. सिल्वासात बसून गडचिरोली कशाला, असं तुम्ही म्हणाल. महाराष्ट्राच्या एका टोकाच्या पलीकडे आपण, ते दुसऱ्या टोकाला. पण दोन्हीकडे सीमा आहे, जंगल आहे, आदिवासी आहेत. आणि दोन्हीकडे एक प्रश्न सारखाच आहे. बंदुकीने एखादा प्रदेश मोकळा केला असं आपण म्हणतो, ते नेमकं कधी म्हणायचं?

गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी अनेकांनी मोबाईलवर चकमकींचे व्हिडिओ पाहिले असतील. खाली एकच कमेंट, ‘इतके मारले, जय हिंद.’ आकडा मोठा म्हणजे मोहीम यशस्वी. एवढं सोपं आहे का हे?

आधी थोडा इतिहास. १९८० च्या सुमाराला आंध्रातून पीपल्स वॉर ग्रुपची दलं प्राणहिता-गोदावरी ओलांडून सिरोंचा, अहेरीकडे आली. तेंदूपत्त्याची मजुरी तुटपुंजी होती, वनखात्याच्या कर्मचाऱ्यांचा जाच होता. त्या रागावर त्यांनी पाय रोवले. पुढे तीच बंदूक आदिवासींवरच फिरली. ‘पोलिसांचा खबऱ्या’ असा शिक्का मारून शेकडो गावकरी मारले गेले. हे विसरून या विषयावर बोलताच येत नाही.

सरकारने इथे लष्कर उतरवलं नाही, मोहीम पोलिसांची राहिली. १९९० साली गडचिरोलीचे तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जवानांचं एक पथक उभं केलं, तेच सी-६०. पोरं जिल्ह्यातलीच, गोंडी-माडिया बोलणारी, जंगलाची वाट माहीत असलेली. बाहेरून आलेल्या जवानाला जिथे प्रत्येक माणूस संशयित वाटतो, तिथे हा पोरगा बोलीवरून, नात्यावरून माणूस ओळखतो. मोहिमेचं बळ हे होतं.

तरीही यश लगेच आलं नाही. २००९ हे वर्ष आठवा. फेब्रुवारीत मरकेगाव, १५ पोलीस गेले. मे महिन्यात हत्तीगोटा, १६ गेले, त्यात महिला पोलीसही होत्या. ऑक्टोबरात लाहेरी, १७ गेले. तीन घटनांत ४८ जण. २०१९ च्या महाराष्ट्रदिनी जांभूळखेड्याला सुरुंग फुटला, १५ जवान आणि गाडीचा चालक गेला. यातले बरेचसे याच मातीतले होते. म्हणजे दोन्ही बाजूंना आदिवासी घरातलीच पोरं. ही किंमत कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

मग पारडं फिरलं. २०१८ मध्ये कसनासूर, २०२१ मध्ये मर्दिनटोला. तिथे मिलिंद तेलतुंबडे मारला गेला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या बड्या नेत्याने ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. हे नुसत्या गोळ्यांनी झालेलं नाही. आत्मसमर्पण योजना, आतल्या गावांत नवी पोलीस ठाणी, रस्ते, टॉवर, दाखले मिळवून देणारी ‘पोलीस दादालोरा खिडकी’, हे सगळं त्यात आहे. माझ्या मते जिवंत परत आलेला माणूस हे मोहिमेचं सर्वांत मोठं यश. त्याच्या घरात बदल्याची आग उरत नाही.

पण हिशोब पुरा करायचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कसनासूरला जवळपास ४० जण मारले गेले. त्यात गट्टेपल्ली गावातली काही कोवळी पोरं होती. पोलीस म्हणाले, ती नुकतीच दलात भरती झाली होती. घरचे म्हणाले, लग्नाला म्हणून निघाली होती. खरं काय, हे मी इथून सांगू शकत नाही. पण ते ठरवण्याची रीत आपल्याकडे आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने, तेही महाराष्ट्रातल्याच चकमकींच्या खटल्यात, सांगितलं की चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करा. ही चौकशी मागणं म्हणजे नक्षल्यांची बाजू घेणं नव्हे. उलट जवानावरचा संशय त्यानेच दूर होतो.

शेजारी छत्तीसगडात काय झालं बघा. सलवा जुडूमच्या काळात आदिवासी पोरांना तुटपुंज्या मानधनावर विशेष पोलीस अधिकारी करून हातात बंदुका दिल्या. गावं उठली, माणसं छावण्यांत गेली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं. सी-६० चा जवान निदान रीतसर पोलीस आहे, त्याला पगार आहे, कायदा आहे. फरक मोठा आहे.

आता पुन्हा सिल्वासाला येऊ. २ ऑगस्ट १९५४ ला इथे पोर्तुगीज सत्ता संपली. दरवर्षी आपण झेंडा लावतो, मुक्तिसैनिकांची आठवण काढतो. लावायलाच हवा. पण कसणाऱ्या वारली-कोकण्याच्या जमिनीचं काय? पोर्तुगीज काळातले अल्वारा आणि तेरमचे हक्क मोडणारा जमीन सुधारणा कायदा आला १९७१ साली. सतरा वर्षांनी! पुढे मधुबन धरणात गावं गेली ती वेगळीच. म्हणजे बंदूक शांत होण्याची तारीख एक असते आणि गरिबाच्या हाती हक्क येण्याची तारीख दुसरी.

गडचिरोलीची दुसरी तारीख अजून लिहायची आहे. तिथे मेंढा-लेखा आहे. २००९ मध्ये त्या गावाने सामूहिक वनहक्क मिळवला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. एक गोळी न झाडता. आणि तिथेच सूरजागड आहे. २०१६ मध्ये नक्षल्यांनी खाणीच्या कामावरची पंचाहत्तरच्या वर वाहनं जाळली. आज तिथून लोहखनिज निघतं. ज्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, त्या डोंगराबद्दल ग्रामसभा बोलते तेव्हा तिचं ऐकलं जातं का? आता जंगलात कुणाची भीती नाही, मग ‘खाण नको’ म्हणणाऱ्याला नक्षलसमर्थक ठरवायचं कारणही उरत नाही. मोहिमेची खरी परीक्षा इथे आहे.

म्हणून एवढंच सांगतो. पुढचा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. किती मेले, याच्या आधी किती परत आले? चौकशी झाली का? आणि त्या गावची बाई रात्री पोलिसाला आणि दादालोकांना, दोघांनाही न घाबरता झोपते का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, की मग मीही तुमच्याबरोबर टाळ्या वाजवीन.