नंदुरबार, नरक्या आणि कर्करोगावरची नवी औषधे



वनस्पती आणि आरोग्य हा विषय एवढा मोठा आहे की औषधी झाडांची नुसती नावे घेत गेलो तरी तास पुरणार नाही. म्हणून आज मी एकाच झाडाचे बोट धरून बोलणार आहे. ते झाड आपल्या सह्याद्रीतले आहे. त्याचे नाव नरक्या.

आंबोली, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर या भागात तुमच्यापैकी अनेक जण हिंडले असतील. रानातल्या पायवाटेला लागून दोन-तीन पुरुष उंचीचे, फारसे नजरेत न भरणारे एखादे झाड असते. पान हातात घेऊन चुरगळले की उग्र घाण वास बोटांना चिकटतो आणि बराच वेळ जात नाही. फुले बारीक, पिवळसर, त्यांनाही तसाच वास. फळे पिकली की जांभळी-काळी होतात. लाकूड इमारतीच्या कामाचे नाही, सावली बेताची. हिरडा, बेहडा, अर्जुन, गुळवेल यांना घराघरांत मान आहे, तसा या झाडाच्या वाट्याला कधी आला नाही. आणि आज जगभरच्या कर्करोग रुग्णालयांत सलाईनच्या बाटलीतून जी औषधे दिली जातात, त्यांतल्या काही फार महत्त्वाच्या औषधांचा मूळ रेणू या झाडात आहे. त्या रेणूचे नाव कॅम्प्टोथेसिन.

हा रेणू पहिल्यांदा ज्यांनी शुद्ध स्वरूपात हाती धरला, त्यांतले एक आपल्या नंदुरबारचे. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात ते रसायनशास्त्र शिकले, अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. केली आणि १९६२ साली उत्तर कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये ते डॉ. मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. वॉल आधी अमेरिकेच्या शेती खात्यात होते. कॉर्टिसोन बनवण्यासाठी उपयोगी पडतील अशी द्रव्ये ते झाडांत शोधत होते. त्यासाठी गोळा केलेले अर्क कर्करोगावर चालतात का, हेही तपासायला पाठवले गेले. हजारो अर्कांमध्ये एका चिनी झाडाच्या अर्काने उंदरांमधल्या रक्ताच्या कर्करोगावर चांगला परिणाम दाखवला. ते झाड कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा. वॉल आणि वाणी यांनी त्याचे लाकूड आणि साल घेऊन, अर्क काढून, तो पुन्हा पुन्हा वेगळा करत, प्रत्येक टप्प्यावर उंदरांवर तपासत अखेर तो एक रेणू मिळवला. १९६६ साली त्यांनी तो जगापुढे मांडला. पाचच वर्षांनी, १९७१ साली, याच दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल काढले. स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या कर्करोगाचे उपचार ज्यांच्या घरात झाले आहेत, त्यांनी हे नाव ऐकलेले असते. दोन्ही रेणूंच्या शोधावर नंदुरबारच्या माणसाचे नाव आहे. २०२० साली, वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले. आपल्या शाळांमधून हे नाव मुलांना सांगितले जायला हवे, असे मला फार मनापासून वाटते.

आता कथा मुंबईला येते. गोरेगावला तेव्हा सिबा कंपनीचे संशोधन केंद्र होते आणि डॉ. टी. आर. गोविंदाचारी हे त्याचे प्रमुख होते. १९७२ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांनी सह्याद्रीतल्या या दुर्गंधी झाडात तोच चिनी झाडातला रेणू असल्याचे दाखवून दिले, आणि प्रमाणही चांगले. चांगले म्हणजे किती? शंभर ग्रॅम वाळलेल्या लाकडामागे ग्रॅमचा एखादा लहानसा अंश. पण वनस्पती-रसायनात एवढे प्रमाण भरपूर समजले जाते. प्रयोगशाळेत अर्काचा एक थेंब पट्टीवर ठेवून अतिनील दिव्याखाली धरला की कॅम्प्टोथेसिनचा ठिपका निळा चमकतो. दिवसाउजेडी कोणाचे लक्ष जाऊ नये अशा झाडातले ते द्रव्य त्या दिव्याखाली लपत नाही.

इथून पुढे सगळे सुरळीत झाले असेल असे वाटेल. तसे झाले नाही, आणि आजच्या व्याख्यानातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे.

कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही. शिरेतून द्यायचे तर विरघळायला हवे. म्हणून त्याचा सोडियम क्षार केला आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. क्षार करताना रेणूतले एक कडे उघडते आणि ते उघडले की औषधाची ताकद जाते. मात्रा वाढवावी लागली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या, मूत्राशयातून रक्त जाऊ लागले. चाचण्या थांबवाव्या लागल्या. ज्या झाडाकडे आशेने पाहिले, त्याच्यातला शुद्ध रेणूही थेट माणसाला देता येत नव्हता.

दहा-बारा वर्षे हा रेणू बाजूला पडला. मग १९८५ साली अमेरिकेत लेरॉय ल्यू आणि सहकाऱ्यांनी तो पेशीत नेमके काय करतो हे शोधून काढले. आपल्या पेशीतला डीएनए म्हणजे सुंभासारखा दोन पदरी पीळ असतो. पेशी दुप्पट व्हायची तर हा पीळ उलगडावा लागतो, आणि उलगडताना पुढचा पीळ इतका घट्ट बसतो की काम अडते. तेव्हा टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर एक पदर कापते, ताण सैल होतो, आणि विकर तो पदर पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके या दोन क्रियांच्या मध्ये येऊन बसते. कापणे झाले, जोडणे होऊ देत नाही. भराभर वाढणाऱ्या पेशीला हे घातक ठरते, ती मरते. असा निशाणा असलेले औषध तोवर माहीत नव्हते.

कारण कळले आणि वाट मोकळी झाली. ते कडे शाबूत ठेवून, रेणूत थोडे बदल करून, विरघळणारी रूपे तयार झाली. जपानमध्ये इरिनोटेकॅन निघाले, १९९६ साली अमेरिकेने मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता दिली. त्याच वर्षी बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी टोपोटेकॅनला मान्यता मिळाली. १९६६ ते १९९६. तीस वर्षे. वर्तमानपत्रात ‘अमुक वनस्पतीत कर्करोगावर उपाय सापडला’ अशी बातमी येते तेव्हा ही तीस वर्षे आठवा. त्या बातमीतला उपाय बहुतेक वेळा काचेच्या बशीतल्या पेशींवर चाललेला असतो. बशीतून माणसापर्यंतचा रस्ता लांब असतो आणि पुष्कळ रेणू त्या रस्त्यात गळतात.

गेल्या काही वर्षांत या रेणूची आणखी एक नवी पिढी आली आहे, आणि मला जी आशा सांगायची आहे ती ही. केमोचे जुने दुःख असे की औषध शरीरभर फिरते. केस गळतात, तोंड येते, पांढऱ्या पेशी कमी होतात, इरिनोटेकॅनने जुलाब होऊन माणूस गळून जातो. शास्त्रज्ञांनी आता कॅम्प्टोथेसिनच्या कुळातला रेणू एका प्रतिपिंडाला बांधला. प्रतिपिंड कर्करोगाच्या पेशीवरची खूण ओळखते, पेशी त्याला आत घेते, आत गेल्यावर बांधलेली साखळी तुटते आणि औषध मोकळे होते. ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन हे अशा औषधाचे नाव. एका प्रतिपिंडाला आठ रेणू बांधलेले असतात. सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकॅन हे दुसरे. त्यात तर इरिनोटेकॅनचेच शरीरात तयार होणारे कार्यक्षम रूप बांधले आहे.

२०२२ च्या जूनमध्ये शिकागोला कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत पहिल्या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले गेले तेव्हा सभागृह उठून उभे राहिले. ५५७ रुग्णांची ती चाचणी होती. स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेला, आणि हर-टू ही खूण पेशींवर अगदी थोडी. अशा रुग्णांना तोवर हर-टू नाहीच असे धरले जाई आणि हर-टूवरचा उपचार मिळत नसे. स्तनाच्या कर्करोगाच्या निम्म्याच्या आसपास रुग्ण या गटात मोडतात. नेहमीच्या केमोवर त्यांचा आजार मध्यमानाने ५.१ महिने आटोक्यात राहिला, नव्या औषधावर ९.९ महिने. आयुष्य १६.८ महिन्यांऐवजी २३.४ महिने. साडेसहा महिने अधिक. बाहेरून पाहणाऱ्याला हा आकडा लहान वाटेल. ज्या घरात मुलीची दहावी आहे, ज्या घरात नातवंड यायचे आहे, त्या घराला विचारा साडेसहा महिने म्हणजे काय.

हे औषधही निर्दोष नाही. काही रुग्णांच्या फुप्फुसांना सूज येते आणि ती क्वचित जिवावर बेतते. म्हणून नवा खोकला, दम लागणे लगेच डॉक्टरांना सांगायचे असते. आणि किंमत. सामान्य कुटुंबाला ती पेलत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ज्या तीन कर्करोग औषधांवरचे सीमाशुल्क माफ केले त्यांत हे एक होते. पाऊल योग्य पडले. पण जालना किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला हे औषध सरकारी योजनेतून मिळेल तेव्हाच ते आपल्यापर्यंत पोचले असे मी म्हणेन.

आता परत रानात येऊ या. नवे प्रतिपिंडाचे औषध ज्या रेणूवर उभे आहे, तो पूर्णपणे कारखान्यात घडवता येतो. पण इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन बनवताना सुरुवात झाडातून काढलेल्या कॅम्प्टोथेसिननेच होते. जगाची मागणी वाढली आणि आपला नरक्या कापला जाऊ लागला. फांदी तोडून भागत नाही, मुळांत द्रव्य जास्त म्हणून झाड मुळासकट उपटले जाते, त्याचे तुकडे करून, वाळवून, पोत्यांत भरून ते रातोरात घाटाखाली किंवा राज्याबाहेर जाते. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गच्या वर्तमानपत्रांत नरक्याच्या तस्करीच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तोडणाऱ्या गावकऱ्याच्या हाती किलोमागे किरकोळ पैसे पडतात. गुन्हाही त्याच्याच नावावर नोंदला जातो आणि माल घेणारा मोकळा राहतो. मला याचा राग येतो.

उपाय नाहीत असे नाही. टॅक्सॉलचेही असेच झाले होते. साल काढली की यू वृक्ष मरे. मग युरोपातल्या दुसऱ्या यूच्या पानांतून, जी पुन्हा फुटतात, अर्धे तयार द्रव्य काढून पुढचे काम प्रयोगशाळेत होऊ लागले. नरक्याच्या बाबतीत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात फुलझेले आणि सहकाऱ्यांनी त्याच्या पेशी द्रवात वाढवून त्यांतून कॅम्प्टोथेसिन मिळवल्याचे २००१ साली प्रसिद्ध केले. २००५ साली जम्मूच्या संशोधकांनी या झाडाच्या आत राहणारी, तोच रेणू बनवणारी एक बुरशी वेगळी केली. २०२२ साली डेन्मार्कमध्ये सदाफुलीतल्या कर्करोगविरोधी औषधाचे दोन घटक यीस्टकडून बनवून घेतले गेले. यांतले अजून पुष्कळ काम प्रयोगशाळेतच आहे. बुरशीचे उत्पादन पिढ्यान्‌पिढ्या घटते हीच मोठी अडचण आहे. आपल्या विद्यापीठांतल्या तरुणांना इथे भरपूर करण्यासारखे आहे. तोवर झाड लावणे आणि झाड राखणे याला पर्याय नाही.

सदाफुलीचा उल्लेख झालाच आहे तर एक सांगतो. ती मधुमेहावर चालते अशी लोकांची समजूत होती. १९५० च्या दशकात कॅनडात ती तपासायला घेतली, साखरेवर काही परिणाम दिसला नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. त्यातून पुढे लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरची औषधे आली. लोकांनी सांगितलेले झाड बरोबर निघाले, रोग वेगळा निघाला. म्हणून आजीच्या बटव्याचा मान राखून मी म्हणतो, त्यातली प्रत्येक पुडी तपासली पाहिजे. तपासणे हा अपमान नव्हे.

रुग्ण आणि नातेवाइकांना माझी हात जोडून विनंती आहे. नरक्याची साल, पावडर, काढा कर्करोगावर म्हणून कोणी देऊ केला तर घेऊ नका. शुद्ध रेणूनेही काय केले ते मी मघाशी सांगितले. आणि दुसरे कोणतेही काढे, चूर्ण, आयात केलेल्या कॅप्सूल घेत असाल तर केमो देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातली औषधी वनस्पती उदासीनतेवर घेतात. इरिनोटेकॅन घेणाऱ्या पाच रुग्णांवर नेदरलँड्समध्ये ती तपासली, तर रक्तातले औषधाचे कार्यक्षम रूप ४२ टक्क्यांनी घटले. एका झाडाने दुसऱ्या झाडाचे औषध निकामी करत आणले, आणि रुग्णाला बाहेरून काहीही कळले नसते. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. डॉक्टरमंडळी इथे असतील तर त्यांनाही सांगतो, विचारताना रागावू नका.

आणि पावसाळा संपला की तुमच्यातले पुष्कळ जण सह्याद्रीत जातील. वाटेच्या कडेला मुळासकट उपटलेली झाडे, ताज्या लाकडाचे ढीग, भरलेली पोती दिसली तर तसेच पुढे जाऊ नका. जागा लक्षात ठेवा, खाली उतरलात की वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.