वाणी, वाचा आणि व्यापार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



विश्वस्तांनी मला ‘व्यापार आणि वाणी’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. मराठीत वाणी म्हणजे वाचा आणि वाणी म्हणजे दुकानदारही. मला दुसरा अर्थ लाभला, पहिल्याने मात्र जन्मभर हुलकावणी दिली. मी तोतरा आहे, हे नायगावपासून हिंदमातेपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. आजही मी अडखळणार आहे. एकच विनंती, माझा शब्द आपण पूर्ण करू नये. शब्द मला सापडलेला असतो. त्याला दारातून बाहेर येण्यास वेळ लागतो इतकेच. हे भाषण स्मरणिकेत छापले जाईल तेव्हा सारे अडथळे गळून पडतील आणि वाचकांना वाटेल, वक्ता मोठा ओघवता होता. छापखान्याची ही कृपा मी आनंदाने स्वीकारतो.

तोतरेपणा आणि बोबडेपणा यांची आपल्याकडे सरमिसळ होते. बोबडे बोलणाऱ्याचा उच्चार बदलतो. तोतऱ्याचा उच्चार शुद्ध असतो. तो एक अक्षर पुन्हा पुन्हा म्हणतो, किंवा लांबवतो, किंवा त्याचा आवाजच क्षणभर बंद पडतो. लहानपणी मला मधात उगाळलेले वेखंड चाटवले गेले, जिभेखाली गोटी ठेवून वाचावयास लावले गेले. ते सर्व मायेपोटी होते. परंतु दोष जिभेत नसतो. बोलण्याच्या हालचालींचा मेळ मेंदू ज्या रीतीने घालतो त्यात हा फरक असतो आणि त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे, असे आजचे शास्त्र सांगते. सुमारे ५ टक्के मुले कधी ना कधी अडखळू लागतात, बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात. त्यांतील बहुतेकांचे अडखळणे पुढे आपोआप थांबते. प्रौढांत हे प्रमाण सुमारे १ टक्का उरते, आणि त्यांत स्त्रियांच्या मानाने पुरुष चौपट. म्हणजे तीनशेच्या या सभेत मी एकटा नसावा. बाकीचे कदाचित मागच्या रांगेत बसले असतील; आम्हाला ती रांग प्रिय असते.

आता व्यापाराकडे वळतो. बी.कॉम. होऊन १९८१ साली मी गादीवर बसलो. माझे अडणे मुख्यतः ‘प’वर, आणि कापडाच्या धंद्यात ‘प’पासून सुटका नाही. पन्ना, परकर, पातळ, पाच वार, आणि सर्वांत कठीण ते पॉपलिन, ज्यात ‘प’ दोनदा येतो. गिऱ्हाइकाने विचारले की मी न बोलता थान काढून गल्ल्यासमोर उलगडत असे. लोकांना वाटे, शेठ मितभाषी आहेत. त्या काळी इचलकरंजीच्या आडत्याशी बोलायचे तर ट्रंक कॉल लावावा लागे आणि आकारणी तीन-तीन मिनिटांची होई. पहिले मिनिट माझ्या नावातच जाई. साडीला लुगडे म्हणता येते, भावाला दर म्हणता येते; स्वतःच्या नावाला मात्र दुसरा शब्द नसतो. दादरचे तिकीट मागता येत नाही म्हणून परळचे मागणारे आणि उरलेले अंतर पायी तुडवणारे गृहस्थ मला माहीत आहेत. ‘पंचाहत्तर’ हा शब्द टाळण्यासाठी सत्तर रुपयांना माल देणारा दुकानदारही मला माहीत आहे. बाजाराने त्याला उदार ठरवले.

ही जी लपवालपवी आहे, तीच खरी व्याधी, असे माझे मत आहे. जोसेफ शीहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली. कानाला ऐकू येते ते वरचे टोक. भीती, लाज आणि शब्द टाळण्याच्या युक्त्या पाण्याखाली. शीहान स्वतः तोतरे होते. उघडपणे अडखळा, मुद्दाम अडखळा, असे उपचार सांगणारे चार्ल्स व्हॅन रायपर हेही तोतरेच. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांच्यावर २०१० साली निघालेला चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्धाच्या प्रसंगी त्यांनी आकाशवाणीवरून भाषण केले, तेव्हाही ते पूर्ण बरे झालेले नव्हते. थांबत थांबत बोलले. आपल्या मुंबईचे हृतिक रोशन यांनी बालपणापासूनच्या अडखळण्याविषयी आणि त्यासाठी करावा लागणाऱ्या सरावाविषयी जाहीर मुलाखतींतून सांगितले आहे. ज्याची उपजीविका संवादफेकीवर, त्याने हे उघड सांगावे, याला मी त्यांच्या नृत्यापेक्षा अधिक मानतो.

माझ्यापुरते सांगावयाचे तर, गेली वीस-बावीस वर्षे मी नव्या व्यापाऱ्याशी बोलताना पहिले वाक्य ठरवून टाकले आहे: “मी अडखळतो, जरा सबुरीने घ्या.” एवढ्याने अडखळणे थांबत नाही. परंतु समोरचा मनुष्य घड्याळाकडे पाहणे सोडतो आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहू शकतो. उधारीची वसुली तर उलट सुलभ झाली. मी पाचव्यांदा ‘पै-पै’ म्हणतो तेव्हा देणेकऱ्याला तो तगादाच वाटतो! दुकानातील नव्या मुलांनाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो की माझ्या वतीने भाव सांगू नका, मला सांगू द्या. आता मोबाइलवर निरोप टंकता येतो, रेल्वेचे तिकीटही त्यावर निघते. सोय उत्तम आहे. तरीही आठवड्यातून काही फोन मी हटकून तोंडानेच करतो, कारण टाळण्याची सवय फार लवकर परतते.

एक गोष्ट आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. सामुदायिक प्रतिक्रमणात किंवा स्तवनात मी कधीही अडखळत नाही. बालपणी याला चमत्कार समजत असे. जगभरच्या तोतऱ्यांचा हाच अनुभव आहे. इतरांच्या सुरात सूर मिसळला, अथवा गायन केले, की वाचा बहुधा मोकळी होते. तेव्हा “पाठशाळेत तर नीट म्हणतोस, घरीच कसे होते?” असे कोणी मुलाला विचारू नये. तो सोंग करीत नाही.

पालकांसाठी थोडे. “हळू बोल”, “श्वास घेऊन बोल” हे बजावणे थांबवावे. स्वतः सावकाश बोलावे आणि मुलाचे वाक्य संपेपर्यंत ऐकावे. चार-सहा महिन्यांत अडखळणे कमी झाले नाही, किंवा मूल बोलण्याचे टाळू लागले, तर वाट पाहू नये. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात वाचा-उपचाराचा विभाग आहे. वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. प्रौढांसाठी डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव यांनी २००८ साली डेहराडूनहून सुरू केलेली इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन आहे. ती बरे करण्याचे आश्वासन देत नाही. स्वीकार आणि परस्परसाहाय्य शिकवते. पंधरा दिवसांत हमखास गुण अशा जाहिरातींपासून मात्र दूर राहावे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा-भाषेच्या दिव्यांगत्वाची जी व्याख्या आहे, तीत स्वरयंत्र काढणे आणि वाचाघात यांचा उल्लेख आहे, तोतरेपणाचा नाही. म्हणून तोंडी परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर पालकांनी स्वतः शिक्षकांना भेटावे, आणि भेटताना मुलाला सोबत न्यावे.

आपल्या समाजात स्थळ पाहताना ही गोष्ट अजूनही झाकली जाते. माझ्या सासऱ्यांना मी ती पहिल्या भेटीतच सांगितली होती. सांगण्यास लागलेल्या वेळावरूनच त्यांच्या ध्यानात आले असावे.

सायंकाळी साडेसातनंतर माझ्या दुकानातील गर्दी ओसरते. कोणास आपल्या मुलाविषयी वा स्वतःविषयी बोलावयाचे असेल, त्याने अवश्य यावे. घाई नसते. जय जिनेंद्र.