आधी पाणी, आधी रस्ता, मजले नंतर

धाराशिव जिल्ह्यातल्या शहरांत बांधकामावरून चाललेले भांडण चुकीच्या प्रश्नावर चालले आहे. एक पक्ष म्हणतो, मजले वाढू द्या, त्याशिवाय गावाचे शहर होत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, एकही मजला नको, आहे ते असू द्या. किती मजले, हा खरे तर शेवटचा प्रश्न आहे. पाणी किती येते, रस्ता किती रुंद आहे, मैला कुठे जातो आणि मोकळी जागा कोणाच्या ताब्यात आहे, हे चार प्रश्न त्याच्या आधीचे. त्यांची उत्तरे न देता मंजूर झालेला प्रत्येक वाढीव मजला शेजाऱ्याच्या हक्काच्या पाण्यावर आणि उजेडावर उभा राहतो. ही गोष्ट साहित्याच्या या सभेत आडपडदा न ठेवता मांडली गेली पाहिजे.

विरळ वस्तीच्या जिल्ह्याला दाटीची चिंता कशाला, असा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. 2011च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 57 हजार होती आणि दर चौरस किलोमीटरला 219 माणसे राहत होती. राज्याचा आकडा 365 होता. पण माणूस सरासरीत राहत नाही, गल्लीत राहतो. धाराशिव शहराने लाखाचा आकडा ओलांडला आहे. तुळजापूरची स्वतःची वस्ती त्या जनगणनेत सुमारे 34 हजार होती, आणि शारदीय नवरात्रात त्याच अरुंद रस्त्यांवर लाखो भाविक उतरतात. राष्ट्रीय महामार्ग 52 दोन्ही शहरांना लागून जातो, सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गाचे काम हाती घेतलेले आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जमिनीचे भाव या बातम्यांमागे धावतात. नळ आणि गटार मात्र जिथल्या तिथे राहतात.

कोणत्या भूखंडावर किती बांधायचे, हे चटई क्षेत्र निर्देशांकाने, म्हणजे रोजच्या बोलीतल्या एफएसआयने ठरते. डिसेंबर 2020मध्ये राज्याने मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळून सगळीकडे एकच विकास नियंत्रण नियमावली लागू केली. तिच्यात साधारण निवासी भागासाठी मूळ निर्देशांक 1.1 आहे. त्यावर प्रीमियम भरून आणि टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, घेऊन वाढ मिळते, आणि ती वाढ समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेली आहे. निवासी इमारतीला आणखी 60 टक्क्यांपर्यंत पूरक चटई क्षेत्र घेता येते. रस्त्याची रुंदी मोजली, हे या नियमावलीचे शहाणपण. नळाचे पाणी मोजले नाही, हा तिचा मोठा दोष. बारमाही धरणाच्या काठावरच्या शहराला आणि अवर्षणप्रवण मराठवाड्यातल्या शहराला एकच गणित लावणे हा नियोजनाचा आळस आहे.

हे गणित एका गल्लीत मांडून पाहावे. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. 1.1 निर्देशांकाने त्यावर सुमारे 1,200 चौरस फूट बांधता येते. पूरक क्षेत्र धरले तर कागदावर 1,900 चौरस फुटांच्या पुढे जाता येते. म्हणजे जिथे एक कुटुंब राहत होते, तिथे लहान लहान चार घरे होतात. गल्लीत असे दहा भूखंड असतील, तर 10 कुटुंबांची 40 झाली. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरण्याचा केंद्रीय निकष आहे. पाच माणसांच्या कुटुंबाप्रमाणे त्या गल्लीची गरज 6,750 लिटरवरून 27,000 लिटरवर गेली. नळाची वाहिनी तीच, पाण्याचा दिवस तोच. मग प्रत्येक दारात पाण्याची मोटार लागते. ज्याची मोटार मोठी त्याची टाकी भरते, आणि गल्लीच्या टोकाच्या घरातली बाई टँकरची वाट पाहते. धाराशिव शहराची तहान उजनीच्या पाण्यावर भागते, आणि ते सोलापूर जिल्ह्यातून पंप करून आणावे लागते. वाढीव निर्देशांक मंत्रालयात एका अधिसूचनेने देता येतो. पाणी तसे देता येत नाही.

म्हणून बांधकामच थांबवा, असा निष्कर्ष काढणारेही तितकेच चुकतात. शहराच्या मध्यभागी घर मिळाले नाही, तर गरीब माणूस नाहीसा होत नाही. तो शहराच्या कडेला गुंठेवारीत जातो. शेतजमिनीचे तुकडे पाडून, मंजूर लेआउट नसताना, साध्या कागदावर गुंठा-अर्धा गुंठा विकला जातो. रीतसर लेआउटमध्ये 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेला 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. गुंठेवारीत हा नियमच उरत नाही. रस्ता बैलगाडीच्या वाटेएवढा, गटार नाही, शाळेला जागा नाही. राज्याने 2001मध्ये कायदा करून अशी वस्ती नियमित केली आणि 2021च्या दुरुस्तीने मुदत 31 डिसेंबर 2020पर्यंत पुढे आणली. नियमित करणे माणुसकीचे आहे. पण वीस वर्षांत तीच वेळ पुन्हा आली, याचा अर्थ परवडणारे घर रीतसर मिळण्याची वाट बंदच राहिली. मध्यवस्तीत मजल्यांना विरोध करणारा सुखवस्तू घरमालक या गुंठेवारीचा अप्रत्यक्ष शिल्पकार आहे, आणि त्याला तसे तोंडावर सांगायला हवे.

दाट वस्ती वाईट आणि पसरट वस्ती चांगली, हा समज तर या जिल्ह्याने टिकूच द्यायला नको होता. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात सास्तूर, पेठसांगवी यांसारखी गावे ढासळली. माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. अरुंद बोळांनी सुटकेचे काम अवघड केले हे खरे. पण घात केला तो बांधणीने. पुढे लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून 52 गावे नव्या जागी वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, चौकोनी आखणी, सुटी घरे. गावाचा पसारा जुन्या गावठाणाच्या कित्येक पट झाला. आता त्या लांबच लांब रस्त्यांची, नळांची आणि दिव्यांची देखभाल लहानशा ग्रामपंचायतीच्या गळ्यात आहे. एकाला लागून एक असलेल्या घरांमुळे जी सोबत होती, तीही तुटली. हा धडा विसरून चार घरांसाठी शेताच्या बांधापर्यंत रस्ता ओढत नेणारे नियोजन जिल्ह्याला परवडणारे नाही. त्याचबरोबर उंच बांधायचे तर भूकंपरोधक रचनेची तपासणी खरीखुरी हवी. 2002च्या मानकात किल्लारी परिसर भूकंपक्षेत्र तीनमध्ये घेतलेला आहे. इथे कागदावर सही करून मोकळे होणाऱ्या तंत्रज्ञाला क्षमा असू नये.

तुळजापुरात हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. बालाघाटाच्या उतारावरचे मंदिर, पायऱ्या उतरून जाणारी वाट, कल्लोळ आणि गोमुख तीर्थ, आणि भोवती पुजाऱ्यांची, व्यापाऱ्यांची, भाविकांना उतरवून घेणाऱ्यांची घरे, असे हे गाव घडले आहे. गर्दीवर उपाय म्हणून सरसकट रस्तारुंदीकरण सुचवणे सोपे असते. भारतातल्या अनेक शहरांचे अहवाल लिहिणारे आणि 1919मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झालेले पॅट्रिक गेडिस यांनी शंभर वर्षांपूर्वीच याला विरोध केला होता. जुनी वस्ती सरळ रेषेत कापून काढू नये. पडकी घरे काढावीत, छोटे चौक मोकळे करावेत, बोळ एकमेकांना जोडावेत, आणि राहणाऱ्यांना तिथेच राहू द्यावे, ही त्यांची पद्धत. तुळजापूरला ती आजही लागू पडते. वाहनतळ आणि मोठ्या निवासी इमारती रुंद रस्त्यालगत बाहेर असाव्यात. मंदिरालगतच्या गल्ल्यांत लॉजचे मजले चढवू नयेत.

साहित्याच्या व्यासपीठाचा विटा-वाळूशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांना उत्तर धाराशिव शहराने दिले आहे. जानेवारी 2020मध्ये इथे भरलेल्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाचे आक्रमण झाले, तेव्हा हरित वसई चळवळीचे नेतृत्व करून ते रस्त्यावर उतरले होते. लेखकाने आपल्या गावाच्या नकाशाकडे पाठ फिरवायची नसते, हे त्यांनी वागून दाखवले. वसईचा अनुभव आणखी एक गोष्ट शिकवतो: आराखडा मंजूर झाल्यावर सुरू झालेला लढा फार महाग पडतो.

लढ्याची जागा त्याआधीची आहे. 1966च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, की नागरिकांना हरकती व सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. शाळा, बाग, दवाखाना यांसाठी ठेवलेली जमीन दहा वर्षांत घेतली नाही, तर मालकाच्या नोटिशीनंतर आरक्षण रद्द होण्याची वाट मोकळी होते. नगरपरिषदांनी ही दहा वर्षे झोपून काढायची आणि मग जागा गेली म्हणून हळहळायचे, हा प्रकार बंद झाला पाहिजे. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर काही वर्षे प्रशासकच बसले होते. 2025च्या अखेरीस निवडणुका झाल्या. आता लोकप्रतिनिधींना सबब उरलेली नाही.

त्यांच्याकडून चार गोष्टी वसूल करायच्या आहेत. प्रत्येक प्रभागात नळाने किती पाणी पोचते आणि त्यावर किती कुटुंबे निभतील, याचा तक्ता दरवर्षी नगरपरिषदेच्या दारावर लागला पाहिजे. वाढीव चटई क्षेत्राची परवानगी त्या तक्त्याला बांधलेली हवी. पाणी आणि गटार वाढले की मर्यादाही वाढावी. वाढीव बांधकामाच्या प्रीमियममधून नगरपरिषदेच्या वाट्याला येणारा पैसा त्याच प्रभागाच्या नळावर, गटारावर आणि आरक्षित जमिनीवर खर्च व्हावा. आणि रुंद रस्त्यालगत, सोयी असलेल्या जागी, लहान आणि परवडणाऱ्या घरांना दाट बांधणीची मुभा मिळावी, म्हणजे गुंठेवारीकडे जाणारा लोंढा आटेल. हे मान्य नसणारा बांधकाम व्यावसायिक असो, नगरसेवक असो की जुना घरमालक, त्याने आपला विरोध प्रभागाच्या सभेत, पाण्याचा आकडा समोर ठेवून मांडावा.