परक्या शहरातील पहिले पंधरा दिवस

(उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांच्या निरोप-मेळाव्यात एका माजी शिष्यवृत्तीधारकाने केलेले भाषण)



आपणांपैकी बरेच जण येत्या काही आठवड्यांत प्रथमच विमानात बसतील. २०१७ च्या सप्टेंबरअखेरीस मीही असाच शासनाच्या शिष्यवृत्तीवर लंडनला गेलो. माझे आईवडील ऊसतोडणीला जाणारे आणि माझे शालेय शिक्षण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतले. आज यशाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकाल. मी मात्र केवळ पहिल्या पंधरा दिवसांविषयी बोलणार आहे, कारण त्या दिवसांत मी परत येण्याच्या बेतात होतो.

पहिल्याच सकाळी मी बसमध्ये चढलो आणि चालकापुढे नाणी धरली. त्याने नम्रपणे मान हलविली. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतले जात नाहीत, हे मला ठाऊक नव्हते. मी खाली उतरलो आणि पावसात दोन मैल चालत गेलो. बँकेत खाते उघडावयास गेलो, तर राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला. तो कोठून आणावा हे कळेना. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात फोडणी दिली, तेव्हा धुराची घंटा वाजून सारा मजला बाहेर आला. त्यानंतर आठवडाभर मी पाव आणि केळी यांवरच काढला.

या अडचणी तशा किरकोळ होत्या. खरी भीती वर्गात होती. दर आठवड्याला वाचावयाच्या लेखांची यादी मिळे आणि छोट्या गटात त्यांवर चर्चा होई. विद्यार्थी अध्यापकांना नावाने हाक मारीत, त्यांचे म्हणणे खोडून काढीत. मला निम्मे उच्चार समजत नसत. माझ्याकडे प्रश्न आला, की मी मान खाली घालीत असे. रात्री आई फोनवर विचारी, ‘जेवलास का रे?’ मी म्हणे, ‘हो, पोटभर.’ आपण नापास होऊ, शासनाचा पैसा वाया जाईल आणि गावात तोंड दाखविता येणार नाही, या विचाराने झोप लागत नसे. नवव्या दिवशी मी परतीच्या तिकिटाचा दर पाहून ठेवला.

किंग हेन्रीज रोडवरील घर

त्या रविवारी खोलीत बसवेना, म्हणून मी चॉक फार्म स्थानकावर उतरून १०, किंग हेन्रीज रोड या घरासमोर जाऊन उभा राहिलो. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहत होते. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन तेथे स्मारक केले, हे आपण जाणताच.

बाबासाहेबांचे अठरा-अठरा तासांचे वाचन मी लहानपणापासून ऐकले होते आणि त्या तुलनेत स्वतःला हीन मानीत होतो. त्या दिवशी मला त्यांच्या चरित्रातील दुसरी बाजू आठवली. १९१६ साली ते लंडनला आले, पण बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. ते पुरेनात, तेव्हा कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी साह्य केले आणि नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. ही पदवी मिळविली. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाने गरज पडली तेव्हा साह्य घेतले आणि त्यात कमीपणा मानला नाही. मग एक प्रश्न विचारण्याची मला लाज का वाटावी?

दुसऱ्या दिवशी मी अध्यापकांच्या भेटीच्या राखीव वेळेत त्यांच्याकडे गेलो आणि मला वर्गातले समजत नाही, असे सांगून टाकले. ते रागावले नाहीत. लेखाचा आरंभ व शेवट आधी वाचा, मधला भाग नंतर पाहा, आणि दर आठवड्याला एक प्रश्न लिहून आणा, असे त्यांनी सांगितले. पुढल्या चर्चेत मी तो लिहून नेलेला एक प्रश्न वाचला. माझा आवाज कापत होता, पण त्यावर दहा मिनिटे चर्चा झाली. बँकेसाठी लागणारे पत्र विद्यापीठाच्या कार्यालयातून मिळाले. स्वयंपाकघरातील झाकण ठेवून फोडणी देण्याची युक्ती शेजारच्या खोलीतील नायजेरियन मित्राने शिकविली.

काही सूचना

म्हणून माझे सांगणे एवढेच, की पहिल्या पंधरवड्यात अडचण लपवू नका. पोहोचताच विद्यापीठाकडून पत्त्याचे पत्र घ्या. ब्रिटनला जाणाऱ्यांनी जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे; सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करतानाच आरोग्यसेवेचे शुल्क भरून घेतले जाते. पहिला हप्ता हाती येण्यास विलंब होऊ शकतो, हे धरून महिनाभराचा खर्च जवळ ठेवावा. ऑक्टोबरअखेर तेथील घड्याळे एक तास मागे जातात आणि दुपारी साडेचारच्या सुमारास अंधारू लागते. त्या दिवसांत मन खचते. अशा वेळी खोलीत एकटे बसू नये, ग्रंथालयात किंवा मित्रांत जावे.

पालकांनाही एक विनंती आहे. मुले फोनवर सारे ठीक आहे असेच म्हणतील. त्यांना जेवलास का, हे अवश्य विचारा. त्याबरोबर आज कोणाशी बोललास, हेही विचारा. माझ्या आईने ते विचारले असते, तर मला नऊ दिवस खोटे बोलावे लागले नसते.

आपणां सर्वांचा प्रवास सुखाचा होवो.