इंजिनावरचा पांढरा डाग

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



गेल्या वर्षी याच दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. भर लग्नसराईत त्याची टुरिस्ट गाडी कशेडी घाटात गरम होऊन बंद पडली होती. इंजिनाचं हेड वाकलं, हेडचं पॅकिंग उडालं आणि कमाईच्या दिवसांत गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये पडून राहिली. मी विचारलं, "आधी काहीच दिसलं नाही का रे?" तो म्हणाला, "सर, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगपाशी महिनाभर पांढरा डाग दिसत होता. पण खाली थेंब पडत नव्हता. म्हणून मी नुसतं पाणी टाकत राहिलो."

आयटीआयमध्ये इतकी वर्षं मोटारदुरुस्ती शिकवल्यावर हे ऐकून मला वाईट वाटलं. आजचं व्याख्यान त्या डागाविषयी आहे.

थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली झडप. तिच्या पोटात मेणाची डबी असते. इंजिन गार असताना झडप बंद राहते आणि कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरून लवकर तापतं. पुष्कळ गाड्यांत 82 ते 88 अंश सेल्सियसच्या सुमारास मेण वितळून फुगतं, दांडी सरकते, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. गार झालं की स्प्रिंग झडप मिटवते. 1930च्या दशकात सर्जियस व्हर्नेट या संशोधकाने अमेरिकेत ही मेणाची रचना विकसित केली, आणि आजही बहुतेक गाड्यांत तीच आहे. ही झडप ज्या झाकणाखाली बसते, ते हाउसिंग. ते ॲल्युमिनियमचं किंवा प्लॅस्टिकचं असतं, साधारण दोन-तीन बोल्टांनी बसवलेलं, आणि सांध्यात कागदी पॅकिंग किंवा रबरी ओ रिंग.

हा सांधा का गळतो? कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलं की ॲल्युमिनियमला गंज धरतो आणि बारीक खड्डे पडतात. प्लॅस्टिक उष्णतेने ठिसूळ होऊन त्याला केसासारखी चीर जाते. रबर कडक होतं. आणि बोल्ट जास्त आवळला की हाउसिंगची कडा वाकते. गळती दिसली की बोल्ट आणखी आवळण्याचा मोह होतो, पण वाकलेली कडा आवळल्याने सपाट होत नाही.

थेंब का पडत नाही, तेही समजून घेऊ. गळती होते ती गाडी तापल्यावर, दाब चढल्यावर. बाहेर आलेलं कूलंट गरम धातूवर वाळून जातं आणि मागे क्षार उरतात. पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल यांचं मिश्रण उघड्यावर सुमारे 107 अंशांना उकळतं. रेडिएटरच्या टोपीने धरलेल्या एक बारच्या आसपासच्या दाबाखाली ते सव्वाशेच्या सुमारास उकळतं. सांधा गळला की दाब टिकत नाही आणि ही वरची सवलत जाते. पातळी फार उतरली तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो, मग इंजिन भाजत असतानाही काटा शांत दिसू शकतो. म्हणून काट्यावर विसंबून राहू नका.

आता दुरुस्ती. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम गाडीची टोपी उघडणाऱ्याचा चेहरा भाजतो. कूलंट हाउसिंगच्या खालपर्यंत उतरवा आणि झाकणाच्या भांड्यात ठेवा. ते विषारी आणि चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात. होज पाइप आधी गोल फिरवून सोडवा, मग ओढा. बोल्ट गंजले असतील तर तेल सोडून थांबा, कारण बोल्ट आत तुटला तर दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं.

यापुढचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि घाई होते ती इथेच. भोकात स्वच्छ फडकं कोंबून जुनं पॅकिंग लाकडी पट्टीने खरवडून काढा. धातूचं हाउसिंग असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून त्याची कडा हलक्या हाताने फिरवा. सगळीकडे सारखी चमक आली तर कडा सपाट आहे. खोल खड्डे किंवा चीर दिसली तर हाउसिंग नवीन घाला. थर्मोस्टॅटवर बारीक हलती पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे अडकलेली हवा निघते. ओ रिंग असेल तिथे सीलंट लावू नका. बोल्ट आळीपाळीने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनेच आवळा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला तो बहुधा दहा न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. मग डिस्टिल्ड वॉटर मिसळलेलं कूलंट भरा, हीटर चालू ठेवून हवा काढा आणि दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी पुन्हा पाहा.

एक कळकळीची विनंती आहे. "थर्मोस्टॅटच काढून टाका, गाडी गरम होणार नाही," हा सल्ला मानू नका. तसं केलं की इंजिन लवकर तापत नाही, इंधन जास्त लागतं, झीज वाढते. काही इंजिनांत तर हीच झडप उघडताना बायपासची वाट बंद करते. तिथे ती काढली, तर गरम कूलंटचा मोठा भाग रेडिएटरला टाळून परत इंजिनात जातो आणि गाडी उलट जास्त तापते.

माझा तो विद्यार्थी आता घाट उतरण्याआधी, सकाळी इंजिन गार असताना, बॉनेट उघडून त्या सांध्यावरून बोट फिरवतो. बोट कोरडं आणि स्वच्छ आलं की प्रवासी घेऊन निघतो. उद्या सकाळी तुम्हीही तेवढं करा. बोटाला पांढरी भुकटी लागली, तर पाण्याची बाटली बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी तो सांधा उघडवून घ्या.